उतरतानाचं रेलिंग

मार्चमधल्या एका दुपारी शोभाताई करमरकर मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या आपल्या मुलाच्या इमारतीचा जिना अगदी झोकात चढून गेल्या. दुसरा मजला, अठ्ठावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. उजव्या हाताला रेलिंग होतं. ते धरून मध्ये एकदाच थांबल्या आणि सुनेला म्हणाल्या, "जिना चांगला आहे गं विनिता. पायऱ्या बुटक्या आहेत." पुण्याहून दोन विमानं बदलून आलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने असं म्हणावं, याचा विनिताला अभिमान वाटला. जणू जिना तिनेच बांधला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे बूट घालून शोभाताई फिरायला निघाल्या, पहिल्या पायरीपाशी आल्या आणि थांबल्या. चढताना उजव्या हाताला असलेलं रेलिंग उतरताना डाव्या हाताला येत होतं. शोभाताईंचा डावा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. हात कमरेच्या वर जात नव्हता, भार घेणं तर लांबच. उजवीकडे नुसती गुळगुळीत, क्रीम रंगाची भिंत.

त्यांच्या मुलाने, नरेंद्रने, पुढे उभं राहून आधार द्यायचा प्रयत्न केला. जिना अरुंद. चौथ्या पायरीवर मायलेक असे काही अडकले की ना वर ना खाली. "मला परत वर ने," शोभाताई म्हणाल्या. "मी काही कपाट नाही."

"दुसऱ्या बाजूला एक रेलिंग बसवायचं, एवढंच ना?" विनिता म्हणाली. "मी आजच मेल टाकते."

इथे विनिताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलं असतं तर इतकं लागलं नसतं. डॉ. विनिता करमरकर मेलबर्नच्या एका युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, गृहनिर्माण धोरण शिकवायची. तिचा खास विषय म्हणजे असे देश, जिथे पूर्वी सगळी घरं सरकारची होती आणि मग राजवट बदलल्यावर एका कायद्याने ती राहणाऱ्यांच्या नावावर झाली. घरं लोकांची झाली, पण जिने, छपरं आणि लिफ्ट यांचं काय, हे ठरवायचं राहून गेलं. ते जिने कोणाचे, या प्रश्नावर विनिताचं अर्धं आयुष्य गेलं होतं. सध्या ती मध्य आशियातल्या एका प्रजासत्ताकाच्या मंत्रालयाला सल्ला देत होती. (देशाचं नाव सांगत नाही. करार अजून चालू आहे.)

तिच्या अहवालातली सातवी शिफारस तिची लाडकी होती. प्रत्येक इमारतीत मालकांची समिती करावी, मोठे निर्णय चारात तीन मतांनी घ्यावेत. माणूस एकदा मालक झाला की त्याला जिन्याची काळजी आपोआप वाटू लागते. मंत्रालयातल्या गुलमीरा नावाच्या अधिकारी बाईंनी या वाक्यापुढे समासात लिहिलं होतं, "आपोआप म्हणजे नक्की कसं? माझ्या इमारतीच्या छपराला दोन हिवाळे भोक आहे." विनिताने उत्तरात 'जनजागृती' हा शब्द वापरला होता. तो अशा वेळी नेहमी उपयोगी पडतो.

तर विनिताने मेल टाकला. इमारतीचा कारभार ब्रेडन नावाचा व्यवस्थापक बघायचा. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं, "नो वरीज, विनिता!" त्यानंतर तीन आठवडे काहीच झालं नाही. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा "नो वरीज" आलं, पण या वेळी सोबत सेहेचाळीस पानांची नियमावली होती. जिना ही सामायिक मालमत्ता. तिच्यात भर घालणं म्हणजे बदल. बदलाला बारा फ्लॅट्सपैकी नऊ मालकांची संमती हवी. विनिताला त्या नियमाची भाषा कुठेतरी वाचल्यासारखी वाटली. जवळजवळ तिचीच होती.

"हे तर सोपं आहे," ती म्हणाली. "जिना सगळेच वापरतात. कोण नाही म्हणेल?"

सल्ले मात्र लगेच आले. त्यांच्याच मजल्यावर, समोरच्या नऊ नंबरमध्ये नचिकेत राहायचा. तिशीतला, पुण्याचा, आयटीतला. त्याने अर्ध्या तासात व्हॉट्सॲप ग्रुप काढला. "काकू, आपण रेलिंग म्हणायचंच नाही. 'सेफ्टी अपग्रेड' म्हणायचं. अपग्रेडला कोणी नाही म्हणत नाही."

"नचिकेत, मला विनिता म्हण रे. इथे सगळे नावानेच हाक मारतात."

"हो काकू."

ग्रुपमध्ये भराभर लोक आले, सगळ्यांनी अंगठे दाखवले, कोणी आजींसाठी फुलं टाकली. आणि मग यादी पडताळताना विनिताला कळलं की या अंगठ्यांचा काडीचाही उपयोग नाही. ते सगळे भाडेकरू होते. नचिकेतसुद्धा, जो रोज खांद्यावर सायकल घेऊन हा जिना चढायचा. बारापैकी आठ मालक या इमारतीत राहतच नव्हते. एक सिंगापूरला होता, एक ब्रिस्बेनला दातांचा दवाखाना चालवायचा, बाकीचे कुठे कुठे पसरलेले. ज्यांचे पाय जिन्यावर पडत होते त्यांना मत नव्हतं, आणि ज्यांना मत होतं त्यांच्यातल्या काहींनी हा जिना फोटोतसुद्धा पाहिला नव्हता.

सभा झाली ती एका गुरुवारी आरवोला, म्हणजे दुपारी तीन वाजता, ऑनलाइन. हजर तिघं. विनिता, ब्रेडन (तो गाडी चालवत होता, त्यामुळे त्याचा फक्त कान दिसत होता) आणि तळमजल्यावरचा कॉन. कॉन हा ऐंशीला टेकलेला ग्रीक म्हातारा. एकटा राहायचा, आपल्या अंगणात लिंबाचं झाड वाढवायचा आणि कोणाशी फारसं बोलायचा नाही.

"माझा विरोध आहे," कॉन म्हणाला.

"पण का?"

"मी खाली राहतो. मला जिना नको, रेलिंग नको. नो."

तेवढ्यात ब्रेडनच्या कानाने जाहीर केलं की पुरेसे मालक हजर नसल्यामुळे सभा झालीच नाही असं धरावं लागेल. म्हणजे विनिताचा होकार धरला जाणार नाही आणि कॉनचा नकारही. यावर कॉन विनितापेक्षा जास्त चिडला. मनापासून केलेला विरोध असा वाया जावा हे त्याला सहन झालं नाही.

त्या रविवारी नरेंद्रने सूत्रं हाती घेतली. तो इंजिनियर. "एक लाकडी दांडा, सहा ब्रॅकेट, दोन तासांचं काम," म्हणत त्याने ड्रिल काढलं. विनिताने तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला, पण खरं सांगायचं तर जरा हळू आवाजात. तिसऱ्या भोकाला भिंतीतून कसलीशी वायर बाहेर आली आणि इमारतीभरच्या इंटरकॉमने एकदम सूर लावला. बाराही फ्लॅट्समध्ये एकाच वेळी कोणीतरी दारात आल्याचं वाजत राहिलं. लोक खाली जाऊन दारं उघडून बघत होते. दारात कोणी नव्हतं.

मंगळवारी नोटीस आली. फ्लॅट विनिताच्या नावावर असल्यामुळे ती तिच्या नावाने आली. 'डॉ. व्ही. करमरकर यांनी सामायिक मालमत्तेस विनापरवाना इजा पोहोचवली आहे.' सामायिक मालमत्तेवर दोन पुस्तकं आणि एकतीस शोधनिबंध लिहिलेल्या बाईने ते वाक्य उभ्यानेच दोनदा वाचलं. मग ती चहा न पिता युनिला निघून गेली.

या सगळ्यात शोभाताईंचं काय चाललं होतं? तर त्यांनी बाल्कनीत खुर्ची टाकली होती. तिथून रस्ता, शाळेत जाणारी मुलं, कुत्री आणि कॉनचं लिंबाचं झाड दिसायचं. फोनवर पुण्याच्या बहिणीला त्या सांगायच्या, "मजेत आहे. हवा छान आहे." पण पांढरे बूट दारापाशी तसेच होते. रोज सकाळी त्या ते फडक्याने पुसायच्या. विनिताने एकदा पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

एका संध्याकाळी ती लवकर घरी आली तर सासूबाई बाल्कनीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी वर ओढत होत्या. पिशवीत आठ लिंबं.

"ही कुठून आली?"

"खालच्या बाबांनी दिली. मी त्यांना मागच्या आठवड्यात लोणचं दिलं होतं. त्यांना तिखट लागतं, पण मागतात."

"आई, तो माणूस आपल्या विरोधात आहे! रेलिंगला नाही म्हणणारा तोच."

"असेना," शोभाताई लिंबं निवडत म्हणाल्या. "लिंबं चांगली आहेत."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी पिशवी रोज खालीवर होत होती. इतके मेल, ग्रुप आणि सभा करून विनिताला त्या माणसाकडून 'नो'पलीकडे एक शब्दही मिळाला नव्हता.

जून उजाडला. विनिताने ठरवलं की ब्रेडनचा नाद सोडून बाहेरच्या मालकांना एकेकट्याने लिहायचं. त्यांचे पत्ते जुन्या मेलमध्ये मिळतील म्हणून तिने शनिवारी दुपारी इनबॉक्समध्ये शोध घेतला. तर भलतंच सापडलं. एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये न उघडलेले चौदा मेल होते. ते या इमारतीचे नव्हते. क्रेगीबर्नच्या इमारतीचे होते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला, करमरकरांचा एक फ्लॅट होता. आठ वर्षांपूर्वी घेतलेला, कारण तेव्हा ओळखीतले सगळेच घेत होते. त्यात भाडेकरू होते, भाडेकरूंना बघायला एजंट होता, आणि त्या इमारतीचे मेल परस्पर फोल्डरमध्ये जावेत अशी सोय विनितानेच करून ठेवली होती. मग ती विसरून गेली होती.

तिने पहिला मेल उघडला. अकरा महिन्यांपूर्वीचा होता. समितीची सेक्रेटरी ऋतिका सूद हिने लिहिलं होतं की मागच्या पार्किंगमधले दिवे बंद पडलेत, नवे खांब घालायला लागतील, त्यासाठी मालकांची मतं हवीत, कृपया लिंकवर हो किंवा नाही नोंदवा. दुसरा मेल तसाच. पाचव्यात लिहिलं होतं की पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ अंधारात पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. नवव्यात दिवस लहान व्हायला लागल्याचा उल्लेख होता. चौदावा दोनच ओळींचा. 'युनिट चौदा, प्लीज उत्तर द्या. नाही म्हटलंत तरी चालेल.'

विनिताने चौदाही मेल क्रमाने वाचले. मग पुन्हा पहिल्यावर आली. नरेंद्र आत आला.

"काय गं, काय झालं?"

"मी ब्रिस्बेनचा डेंटिस्ट आहे," विनिता म्हणाली.

नरेंद्रला काही कळलं नाही, पण त्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, वाचलं आणि तोही तिच्याशेजारी बसला. लिंकवर जाऊन हो नोंदवायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

"मी तिकडे जाऊन येते," ती उठली. "त्या बाईंना भेटते. मेलवर सॉरी म्हणायची लाज वाटते मला."

"मीही येते," दारापासून आवाज आला. शोभाताई पांढरे बूट घालत होत्या.

"आई, तुम्ही कशा उतरणार?"

"उलटी. त्या बाबांनी दाखवलंय मला. अंगणात करून दाखवलं, चार वेळा."

आणि खरंच जिन्याच्या तळाशी कॉन येऊन उभा होता. बाल्कनीतून काय खाणाखुणा झाल्या होत्या देव जाणे. "लाइक अ लॅडर," तो खालून ओरडला. शोभाताईंनी जिन्याकडे पाठ केली, तोंड आपल्या घराच्या दाराकडे. आता रेलिंग उजव्या हाताला आलं. त्यांनी ते घट्ट धरलं आणि एक पाय मागे, खाली सोडला. मग दुसरा. नरेंद्र दोन पायऱ्या खाली, हात पसरून. कॉन ग्रीकमध्ये मोजत होता, शोभाताई मराठीत, आणि मधल्या टप्प्यावर दोघांचे आकडे जुळत नव्हते म्हणून थोडा वाद झाला. अठ्ठाविसाव्या पायरीनंतर शोभाताई वळल्या. तीन महिन्यांनी त्यांचे बूट जमिनीला लागले होते. "हुश्श," एवढंच म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"तुम्हाला हे कुठून माहीत?" विनिताने कॉनला विचारलं.

कॉनने वर बोट केलं. "नऊ नंबर. तो सायकलवाला राहतो ना, ते माझं घर होतं. माझी बायको, एलेनी, तिची डावी बाजू गेली. स्ट्रोक. मी मीटिंगमध्ये रेलिंग मागितलं. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही म्हणाले, पुढच्या वर्षी. मग ती अशी उतरायला शिकली. पण पाहुण्यांसमोर उतरायची नाही. लाजायची. शेवटी वरचं विकून मी खालचं घेतलं. इथे ती पाच महिने होती." त्याने बोट खाली घेतलं. "तेव्हा एकानेही हात वर केला नाही. मग आता मी का करू?"

 जनजागृती हा शब्द विनिताच्या तोंडाजवळसुद्धा आला नाही.

"तू नव्हतीस तेव्हा," कॉन म्हणाला, जणू सूट देत होता, आणि आत गेला.

क्रेगीबर्नला पोहोचेपर्यंत साडेसहा झाले आणि पूर्ण अंधार पडला. पार्किंगमध्ये गाडी लावून नरेंद्रने हेडलाइट बंद केले, तेव्हा विनिताला आपला हातही दिसेना. पण पलीकडे एक टॉर्च हलत होता. गाड्यांमधून चालत येणाऱ्या नर्सच्या कपड्यातल्या एका बाईला कोणीतरी उजेड दाखवत होतं. ती नर्स म्हणजेच ऋतिका सूद निघाली.

गाडीत विनिताने माफीचं छोटं भाषण तयार केलं होतं. त्यात 'जबाबदारी' आणि 'प्रक्रिया' हे शब्द होते. प्रत्यक्षात ती म्हणाली, "मी युनिट चौदा."

"आप फोर्टीन हैं?" ऋतिकाने आपल्या हिंदी-मराठी मिसळलेल्या बोलीत विचारलं. "मुझे लगा कोई कंपनी होगी. माणूस असेल असं वाटलंच नाही."

"सॉरी. मी मेल वाचलेच नव्हते. आज हो दिलंय."

"थँक यू," ऋतिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त दिवसभराचा शीण होता. "अभी भी एक वोट कम है. यूनिट छह. पण तुमचं आलं, ते आलं." मग तिने टॉर्चवाल्या माणसाकडे हात केला. "बाकी आपके टेनंट बहुत अच्छे हैं. अंधार लवकर पडायला लागल्यापासून रोज या वेळी इथे टॉर्च घेऊन उभे राहतात. त्यांनाच पहिल्यांदा सुचलं."

टॉर्चवाल्याने मान लववली. पन्नाशीचा माणूस, अंगात जाड जॅकेट. चार वर्षं तो विनिताच्या घरात राहत होता आणि विनिताला त्याचं नाव माहीत नव्हतं. एजंटच्या कागदांवर असणार. तिने तिथे, त्या अंधारात, त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, सॅम्युएल. शोभाताईंनी त्याला पर्समधून काढून दोन वड्या दिल्या.

त्या आठवड्यात विनिताने दोन कामं केली. पहिलं म्हणजे सातवी शिफारस खोडली. नवी लिहायला चार दिवस लागले आणि ती जुनीइतकी देखणी झाली नाही. जे जिना वापरतात त्यांना म्हणणं मांडता यावं, मालक असोत वा भाडेकरू. न आलेलं उत्तर म्हणजे नकार धरू नये. आणि मदत मागणाऱ्याला पुढच्या वर्षीवर ढकलता येऊ नये, त्याला मुदत असावी. सोबत गुलमीराला तिने दोन्ही इमारतींची हकिगत लिहिली, फोल्डरसकट. गुलमीराचं उत्तर समासात न येता या वेळी वेगळं पत्र म्हणून आलं. 'आमच्या छपराचं जमलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खालच्या सगळ्यांना आपल्या स्वयंपाकघरात जेवायला बोलावलं आणि पाण्याच्या बादलीशेजारी बसवलं. हे तुमच्या अहवालात कुठे घालता येईल, ते मला माहीत नाही.' विनितालाही कळलं नाही. शेवटी तिने ते तळटीपेत घातलं.

दुसरं काम म्हणजे बाहेरच्या मालकांना पत्रं. त्यात नियम एकही नव्हता. सासूबाई, खांदा, अठ्ठावीस पायऱ्या आणि मी स्वतः अकरा महिने अशीच गप्प होते, एवढंच. ब्रिस्बेनच्या डेंटिस्टचं उत्तर तासाभरात आलं. 'माफ करा, मला वाटलं जाहिरात आहे. माझं हो.' एकेक करत आठ मतं झाली. नववं कुठूनच मिळेना. कॉनला विचारायचं नाही, असं विनिताने ठरवलं होतं. कोणत्या तोंडाने विचारणार?

जुलैच्या शेवटी पिशवी वर आली त्यात लिंबांखाली एक घडी घातलेला कागद होता. ब्रेडनचा मतपत्रिकेचा नमुना, तेल लागलेला, आणि 'यस'समोर बरोबरची खूण. शोभाताईंनी तो सुनेच्या हातात दिला. "मी काही बोलले नाही हं त्यांना," त्या म्हणाल्या. "काय बोलणार, भाषा कुठे येते?"

मत मिळालं म्हणजे रेलिंग मिळालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी रेलिंग बसवलेलं नाही. माणूस मोजमापाला आला, चुकीचा जिना मोजून गेला. रंग क्रीम की करडा यावर एका मालकाने सिंगापूरहून हरकत घेतली. ब्रेडन सुट्टीवर गेला. ऑगस्ट संपता संपता शोभाताईंचा व्हिसा संपला आणि त्या जशा अलीकडे रोज उतरत होत्या तशाच उलट्या उतरून विमानतळावर गेल्या. कॉन फाटकापर्यंत आला होता. दोघांनी आपापल्या भाषेत बरंच काही सांगितलं.

त्यानंतर अकरा दिवसांनी रेलिंग बसलं. क्रीम रंगाचं, गोल, हाताला गार लागणारं. विनिता पहिल्या दिवशी ते धरून उगाचच दोनदा खाली वर करून आली. नचिकेतने ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले.

रविवारी सकाळी दाराबाहेर पावलं वाजली. सावकाश, मध्ये थांबत. विनिताने दार उघडलं तर कॉन वर आला होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, एक हात जुन्या रेलिंगवर, एक नव्यावर. चढायला त्याला जुनंही पुरलं असतं, पण एलेनी गेल्यापासून सहा वर्षांत तो एकदाही वर आला नव्हता. तो तिच्याकडे न बघता समोरच्या नऊ नंबरच्या दाराकडे बघत उभा होता. धाप लागली होती.

 विनिताने आपलं दार पूर्ण उघडलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.